शेवटच्या नळाला रंग येतो का?

आमच्या ग्रामपंचायतीत एक लांबट वही आहे. तारीख, वेळ, ठिकाण, ओटी टेस्टचा निकाल आणि सही असे तिचे पाच रकाने. श्रावणातल्या एका सकाळी मी ती उघडली, तेव्हा त्या दिवसाच्या खाली पुढच्या सहा दिवसांच्या नोंदीही भरलेल्या होत्या. सगळ्यांपुढे एकच शब्द, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेला: पॉझिटिव्ह. ओटी पॉझिटिव्ह म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, पाणी प्यायला हरकत नाही. पुढच्या सोमवारी नळाला जे पाणी येणार होतं त्याचा निकाल मंगळवारीच लागला होता.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते. गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर मला चार वर्षं झाली. जल जीवन मिशनमध्ये गावागावांतल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात, त्या पाचांतली मी एक. त्यामुळे तो 'पॉझिटिव्ह' शब्द कसा मिळवायचा असतो ते मला माहीत आहे. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे, आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत, रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. आला नाही तर नाही. कामाला एक मिनिटही लागत नाही.

वही भरतो तो जलसुरक्षक, म्हणजे गावाला पाणी सोडणारा माणूस. त्याला विचारलं. तो आमच्याच वाडीतला, माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा. तो काही लपवायला गेला नाही. म्हणाला, "वैनी, वही तालुक्याला न्यायची असते. पान कोरं दिसलं तर मला बोलतात. पाणी कसं हाय, ते कोण इचारत न्हाय."

दोन दिवस मी त्याच्यावर चिडून होते. मग त्याचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं आणि राग त्याच्यावरून उठला. गावाचं पाणी सुरक्षित ठेवण्याची आपली जी व्यवस्था आहे तिचं इतकं नेमकं निदान मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं. वही वर पाठवण्यासाठी लिहिली जाते. खाली, नळाखाली हंडा लावून जी बाई उभी आहे, तिच्यासाठी ती नाहीच. आणि जोपर्यंत ती तिच्यासाठी लिहिली जात नाही, तोपर्यंत तिच्यातला एकही आकडा खरा असण्याचं कोणाला काही कारण नाही. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. बाकी सगळं ते का म्हणते याचा हिशेब.

आधी या माणसाचं काम सांगते. पहाटे पऱ्याकाठच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, विहिरीवर जाऊन पंप चालू करायचा. वीज गेली तर ती येईपर्यंत तिथेच बसायचं. टाकी भरली की सात वाड्यांचे व्हॉल्व्ह पाळीपाळीने फिरवायचे, कुठे पाईप फुटला तर खणायचं, पाणीपट्टी मागायला दारोदार जायचं आणि शिव्या खायच्या. या सगळ्यासाठी त्याला महिन्याला जे मानधन मिळतं तेवढं माझ्या भावाच्या बागेतला गडी आंब्याच्या दिवसांत आठवड्यात मिळवतो. त्यातून तेही दोन-तीन महिने थकलेलं असतं. आणि याच माणसावर आपण गावातलं सगळ्यात नाजूक रसायनशास्त्र सोपवलं आहे.

कारण टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर, टाकणं हे मूठभर काहीतरी टाकणं नव्हे. नव्या, चांगल्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. तशा पावडरीने हजार लिटर नितळ पाण्याला अडीच ग्रॅमच्या आसपास पुरतात. म्हणजे आमच्या पन्नास हजार लिटरच्या टाकीला सव्वाशे ग्रॅम, आणि मग पाणी सोडण्याआधी निदान अर्धा तास थांबणं. पण हा हिशेब नव्या पावडरीचा आणि नितळ पाण्याचा. पावडरीला ओल, ऊन आणि हवा लागली की तिचा दम निघून जातो. आमची गोणी कार्यालयाच्या मागच्या खोलीत, तोंड सुतळीने बांधलेली, आषाढाच्या ओलीत महिना-महिना पडून असते. तिच्यात किती क्लोरीन उरला आहे ते कोणी तपासलेलं नाही. आणि पाऊस लागला की पऱ्याचं पाणी लाल होतं. गढूळ पाणी क्लोरीन खातं आणि मातीच्या कणांआड जंतू लपून राहतात. थोडक्यात, ज्या महिन्यात जास्त आणि ताजी पावडर हवी त्याच महिन्यात पावडर शिळी असते आणि मूठ मात्र मे महिन्यातलीच.

दुसरीही अडचण आहे. ती घाटावरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. जांभ्या दगडातल्या पाण्यात लोह असतं. क्लोरीन पडला की ते लोह गंजासारखं बाहेर येतं आणि पाणी तपकिरी दिसायला लागतं. बायका म्हणतात, औषध टाकलं की पाणी खराब होतं. त्यांच्या डोळ्यांना दिसतं ते खरंच असतं. त्यांना कारण कोणी सांगितलेलं नसतं. मग त्या जलसुरक्षकाला ओरडतात, तो पावडर कमी टाकतो, पाणी पुन्हा आरशासारखं दिसतं आणि सगळे खूश होतात.

कोकणात पाण्याची परीक्षा डोळ्यांनी आणि जिभेने करायची सवय आहे. पऱ्याचं पाणी, झऱ्याचं पाणी, बावडीचं पाणी, त्याचा गोडवा, त्याचा गारवा. माझ्या माहेरी पाहुण्याला पहिल्यांदा विहिरीचं पाणी देत आणि त्याने "काय गोड आहे हो" म्हटल्याशिवाय पुढची गोष्ट निघत नसे. त्या अभिमानात खोटं काही नव्हतं. पण ज्या वाडीला तेव्हा एकही संडास नव्हता, त्या वाडीत आज घराघराला आहे, आणि प्रत्येक घरामागे एक सेफ्टी टँक. बहुतेकांना तळच नाही. जांभा म्हणजे दगडाचा स्पंज, आणि स्पंजातही मधूनमधून उंदराच्या बिळासारख्या वाटा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस त्याच्यावर पडतो, आत शिरतो, खालच्या चिकट मातीवर अडतो आणि आडवा वाहत जिथे उतार फुटेल तिथे झरा किंवा विहीर म्हणून बाहेर येतो. पुस्तकात विहीर आणि संडास यांच्यात पंधरा मीटर अंतर ठेवा असं लिहिलेलं असतं. जांभ्यातल्या एका भेगेला पंधरा मीटर म्हणजे काहीच नाही. संडास बांधले ते चांगलंच केलं, त्यासाठी मी स्वतः दारोदार फिरले आहे. पण घाण डोळ्यांआड गेली तेव्हा ती कुठे गेली, हा पुढचा प्रश्न आपण विचारला नाही.

विहिरीत काही नसलं तरी पाईपमध्ये शिरतं. आमच्याकडे दिवसाला पाऊण तास पाणी असतं. बाकीचे सव्वातेवीस तास पाईप रिकामा, आणि तो गटाराच्या कडेने, कुठे कुठे गटारातूनच गेलेला. व्हॉल्व्ह बंद झाला की वरच्या वाडीतलं पाणी उताराने खाली ओढलं जातं आणि रिकाम्या पाईपला ओढ बसते. जिथे सांधा ढिला आहे तिथून बाहेरचं पाणी आत येतं. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की पहिली घागर त्या पाण्याची. म्हणून टाकीपाशी पिवळा रंग आला याला फार अर्थ नाही. भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, हेच सांगतं: लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक हवा, विषाणूंपासून बचाव करायचा असेल तर ०.५, आणि तो मोजायचा ग्राहकाच्या टोकाला. ग्राहकाच्या टोकाला म्हणजे आमच्या गावात खालच्या वाडीत, खाडीकडच्या शेवटच्या नळावर. आमच्या वहीत 'ठिकाण' या रकान्यात चार वर्षं एकच शब्द आहे: टाकी.

आता गणपतीचं सांगते, कारण माझ्या मते कोकणातला हा सगळ्यात न बोललेला धोका आहे. आमच्या वाडीत एरवी चाळीसेक घरांत चूल पेटते. गणपतीत मुंबई, ठाणे, विरार, डोंबिवलीहून माणसं येतात आणि बंद घरंही उघडतात. पाणी तेवढंच, माणसं तिप्पट. पंप जास्त चालतो, टाकीत पाणी थांबत नाही, म्हणजे पावडरीला तो अर्धा तास मिळत नाही. वर्षभर कोरडे पडलेले सेफ्टी टँक आठवड्यात भरतात. पाऊस चालूच असतो. समजा त्या दहा दिवसांत पाण्यात काविळीचा विषाणू गेला. हगवण दोन दिवसांत कळते. कावीळ तशी कळत नाही. हिपॅटायटिस ए असेल तर साधारण महिन्याने, ई असेल तर सहा आठवड्यांच्या आसपास डोळे पिवळे होतात. म्हणजे दिवाळीच्या सुमारास. तोवर पाहुणा विरारला परतलेला असतो. तो तिथल्या डॉक्टरकडे जातो, डॉक्टर बाहेरचं खाऊ नका म्हणतो, आणि आमच्या गावात साथ आल्याची नोंद कुठेच होत नाही. ज्या पाण्याने तो आजारी पडला ते केव्हाच समुद्राला मिळालेलं असतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलत नणंदेच्या दोन्ही मुलांना दिवाळीत कावीळ झाली. मग गणपतीला आमच्या वाडीत उतरलेल्या आणखी तीन घरांतून मला तेच ऐकायला मिळालं. पुरावा म्हणाल तर माझ्याकडे काही नाही. तो मिळेल अशी सोयच नाही, ही माझी तक्रार आहे.

काविळीला हलकं समजू नये. दिल्लीत १९५५-५६च्या हिवाळ्यात नाल्याचं सांडपाणी यमुनेतल्या पाणी उचलण्याच्या जागी मागे फिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती हे बऱ्याच वर्षांनी कळलं. या आजारात गरोदर बाई शेवटच्या तीन महिन्यांत असेल तर शंभरातल्या वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण अजून माहेरी होतं. मुली सातव्या महिन्यात गावी येतात.

आपल्याकडे सगळं ढिलं म्हणून असं होतं, श्रीमंत देशांत होत नाही, असं कोणी म्हणालं तर मी त्यांना वॉकरटनची गोष्ट सांगते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं हे पाचेक हजार वस्तीचं गाव. २०००च्या मे महिन्यात तिथे मोठा पाऊस झाला, शेतातलं गुरांचं शेण एका उथळ विहिरीत उतरलं आणि ई. कोलाय जंतूंच्या एका घातक जातीने सुमारे २,३०० लोक आजारी पडले. सात मेले. न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांनी चौकशी केली तेव्हा बाहेर आलं की पाणी सोडणारी माणसं क्लोरीन पुरेसा टाकत नव्हती, रोज मोजत नव्हती आणि नोंदवहीत मात्र मोजल्यासारखे आकडे लिहीत होती, वर्षानुवर्षं. ती दुष्ट नव्हती. त्यांना मनापासून वाटायचं की आपल्या विहिरीचं पाणी मुळातच चांगलं आहे. ती स्वतः ते कच्चं पाणी प्यायची. गावातले लोक क्लोरीनच्या चवीची तक्रार करायचे. प्रयोगशाळेने पाण्यात जंतू सापडल्याचं कळवलं ते फक्त पाणी पुरवणाऱ्यांना, आणि आरोग्य खात्याने विचारलं तेव्हा पाणी ठीक आहे असं उत्तर मिळालं. हा अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमचीच वाडी डोळ्यांसमोर आली. विहिरीचा अभिमान तोच, क्लोरीनची नावड तीच, आणि वहीही तीच. फरक इतकाच की त्यांच्याकडे चौकशी झाली.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्रात प्रत्येक सार्वजनिक स्रोताची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर स्वच्छता तपासणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी कार्ड. जल जीवन मिशनमध्ये वर्षातून दोनदा जंतूंची आणि एकदा रासायनिक तपासणी व्हायला हवी. गावच्या आरोग्यसेवकाकडूनही नमुने जातात. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही, आणि ज्यांनी ती आखली त्यांनी मन लावून आखली आहे.

पण तिच्यात काय मोजलं जातं ते बघा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. आणि पावसाळ्यात? कोकणात पाणी बिघडतं ते नेमकं आषाढ-श्रावण-भाद्रपदात. आणखी एक. साथ आली नाही तर बक्षीस आहे. मग कावीळ झालेल्या चार घरांची नावं कळवण्यात सरपंचांना, ग्रामसेवकांना, आरोग्यसेवकांना कोणता उत्साह वाटावा? लाल कार्ड ही आमच्याकडे बेअब्रू आहे. आमच्या बैठकीत एकाने सरळ सांगितलं, "लाल लागलं तर होमस्टेवाल्यांनी काय करायचं?" नमुना घ्यायला माणूस येणार असं कळलं की आदल्या रात्री टाकीत दुप्पट पावडर पडते. हे मी पाहिलं आहे आणि आजूबाजूच्या गावांतल्या माझ्यासारख्या बायकांकडून ऐकलं आहे. यात वाईट माणसं कोणी नाहीत. वाईट आकड्याला शिक्षा आणि चांगल्या आकड्याला बक्षीस असेल, आणि आकडा लिहिणारा, तपासणारा आणि त्याच्यावर पास-नापास होणारा एकच असेल, तर आकडा चांगलाच येणार.

म्हणून माझं म्हणणं उलटं आहे. वाईट आकड्याला शिक्षा असता कामा नये. 'आज शेवटच्या नळाला रंग आला नाही' असं लिहिणाऱ्या जलसुरक्षकाची पाठ थोपटायला हवी, कारण त्या दिवशी वाडीने पाणी उकळून प्यायचं की नाही हे ठरवायची संधी त्याने दिली. शिक्षा हवी ती न मोजता लिहिण्याला. आणि न मोजता लिहिलेलं पकडण्याचा एकच मार्ग मला दिसतो: आकडा अशा ठिकाणी लावायचा की जिला तो खोटा वाटेल ती बाई तिथल्या तिथे, त्याच नळावर, त्याच मिनिटाला तपासू शकेल. शेवटच्या नळाशेजारी एक काळा फळा. रोज सकाळी तारीख आणि निकाल. खाली एका डब्यात ओटीची बाटली आणि नळी. बस. त्याला पोर्टल लागत नाही, निविदा लागत नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत १९७४च्या पेयजल कायद्याखाली पंधरा जोडण्या किंवा पंचवीस माणसं असलेली योजनासुद्धा सार्वजनिक योजना धरली जाते. म्हणजे आमची एक वाडीही त्यात बसेल. पाण्यात लगेच अपाय करणारं काही सापडलं तर चोवीस तासांच्या आत ते लोकांना कळवावं लागतं. वरच्या कार्यालयालाही कळवतात, पण पिणाऱ्याला कळवणं चुकत नाही. आपल्याकडे बाजारात विकली जाणारी पाण्याची बाटली २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कक्षेत येते. ती खराब निघाली तर विकणाऱ्यावर खटला होऊ शकतो. नळाच्या पाण्याला आयएस १०५०० लागू आहे असं आपण म्हणतो, पण ते पाळलं नाही म्हणून कोणावर काय कारवाई होते ते विचारून बघा. बाटली घेणाऱ्याला कायद्याने जे मिळतं ते नळावर उभ्या असलेल्या बाईला मिळत नाही, हे मला मान्य होत नाही.

कागद आणि पाणी यांच्यातलं अंतर कोकणाला नवीन नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं, तेही ठरावाने. तीन वर्षं तो ठराव दप्तरात राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं तळ्यापर्यंत चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली तेव्हा तो ठराव पहिल्यांदा पाण्याला लागला. मग तळं बाटलं म्हणून पंचगव्याने ते 'शुद्ध' करण्यात आलं. मला ही गोष्ट पाण्याची चर्चा निघाली की दरवेळी आठवते. एक तर 'शुद्ध' हा शब्द आपण किती काळ चुकीच्या गोष्टीसाठी वापरत आलो ते कळतं. आणि दुसरं, पाणी कोणाचं हा प्रश्न महाडने सोडवला असेल तर त्या पाण्याची माहिती कोणाची हा त्याचाच पुढचा भाग आहे. आमच्या गावात नळाच्या ओळीत शेवटी कोणती वाडी येते हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचकाला मी सांगायची गरज नाही. टाकीपाशी घेतलेला पॉझिटिव्ह त्या वाडीचा नसतो.

आक्षेप मला ठाऊक आहेत. आमच्या समितीतच ऐकले आहेत.

'आमच्या आज्याने हेच पाणी प्यायलं.' आज्याची सात भावंडं होती, त्यांतली किती जगली ते कोणी सांगत नाही. मी माझ्या सासूबाईंना त्यांच्या भावंडांचं विचारलं होतं. पाचातली दोन.

'घरी फिल्टर आहे.' ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे. अंगणवाडीत नाही, शेतावरच्या गड्याच्या बाटलीत नाही. आणि गावातल्या ज्या घरांचा आवाज बैठकीत ऐकला जातो त्यांच्याकडे फिल्टर आला की नळाच्या पाण्याची तक्रार करणारं कोणी उरत नाही. हे मला फिल्टर नसण्यापेक्षाही वाईट वाटतं.

पैशाचा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. पाणीपट्टीची वसुली निम्मीही होत नाही, विजेचं बिल थकतं, पंप जळला की दुरुस्तीला वर्गणी काढावी लागते. पण १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला. त्यातून गावोगाव काय झालं? पाईप, टाक्या, पेव्हर ब्लॉक. वस्तू दिसतात, त्यांचं उद्घाटन होतं. जलसुरक्षकाचं मानधन आणि बंद डब्यातली ताजी पावडर यांचं उद्घाटन होत नाही. महिन्याला पाच किलो चांगली पावडर, हवाबंद डबा, एक साधा वजनकाटा आणि ओटीच्या बाटल्या यांचा खर्च आमच्या ग्रामपंचायतीला एका पाईपफुटीहून कमी येतो. माणसाला नीट मानधन देणं मात्र महाग आहे, आणि ते दिल्याशिवाय बाकीचं काही खरं होणार नाही. वसुलीबद्दल एक अनुभव सांगते: फळा लागल्यानंतर खालच्या वाडीतल्या दोघींनी थकलेली पट्टी आपणहून आणून भरली. दोघीच. पण याआधी कोणी भरली नव्हती.

हो, फळा लागला आहे. गेल्या मार्गशीर्षात ग्रामसभेत मी विषय मांडला. दोन तास वाद झाला, होमस्टेचा मुद्दा पुन्हा आला. शेवटी सरपंचबाईंनी एका वाडीपुरतं करून बघू म्हणून मान्यता दिली. जलसुरक्षक पहिल्या आठवड्यात माझ्याकडे तोंड पाडून आला. फळ्यावर लिहायचं तर खरं लिहावं लागतं, आणि खरं लिहिलं तर बायका त्यालाच धरतात. मी त्याच्याबरोबर नळावर जायला लागले. आम्ही दोघं मिळून पावडर वजन करून टाकतो. शाळेतली सातवीची मुलं आता नळी हलवून रंग बघायला येतात. त्यांना ती जादू वाटते, वाटू दे. जंतूंची तपासणी आम्ही एच-टू-एसच्या बाटलीत करतो. ही पद्धत १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी खेड्यांसाठीच मांडली: पाणी भरून उबदार जागी ठेवायचं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते काळं पडलं तर शेणामुताचा संसर्ग असण्याची शक्यता. माझ्या स्वयंपाकघरात चुलीमागच्या फळीवर त्या बाटल्या रांगेने असतात.

फळा लागल्यापासूनच्या पहिल्या साठ दिवसांत शेवटच्या नळाला सतरा दिवस रंग आला नाही. वही चार वर्षं रोज पॉझिटिव्ह होती.

त्या सतरा दिवसांपैकी अकरा दिवस सलग होते. त्यामुळे आम्ही वरून खाली एकेक नळ तपासत आलो आणि देवळामागच्या मोरीखाली गळका सांधा सापडला. तो बदलायला प्लंबर पुढच्या आठवड्यात येणार आहे. तोपर्यंत फळ्यावर तारखेखाली जलसुरक्षकाने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं आहे: रंग नाही, पाणी उकळून प्या. काल संध्याकाळी पाऊस नसताना कोणीतरी त्या फळ्यावर प्लास्टिकचा कागद बांधून गेलं, अक्षरं पुसू नयेत म्हणून.